मुलगी 11 वर्षांची, वर्गात सगळ्यात बुटकी. डॉक्टर कॅरिओटाइप (रक्तातून गुणसूत्रं बघायची तपासणी) करा म्हणतात, घरचे म्हणतात पाळी आली की वाढेल. थांबावं का?

थांबू नका. पाळी आली की उंची वाढते हे कुणी काढलं देव जाणे. पाळी सुरू झाली की वाढ उलट आवरती होते. आणि टर्नर सिंड्रोम (मुलीच्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक पूर्ण किंवा अर्धवट नसणं) निघाला तर बहुतेक मुलींना पाळी आपली आपण येतच नाही. मग वाट कशाची बघणार?

माझ्या लेकीच्या बारशाला आईने चांदीचे वाळे आणले होते. ते चढेनात. पावलं वरून पुरीसारखी टम्म. सासूबाई म्हणाल्या, माहेरच्यांनी मापात हात आखडलाय. नणंद म्हणाली, बाळसं आहे. बाळ अडीच किलोचं, हातपाय काड्या, मग बाळसं नेमकं पावलांवरच कसं? हे कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. ती लिम्फ (अंगातला पातळ द्रव) साचल्याची सूज होती. दीड वर्षात ओसरली, विषय संपला. कान दर पावसाळ्यात वाहायचा. मानेवर केस पार खालपर्यंत, वेणी घालताना रोज दिसायचे. पहिलीचा फ्रॉक तिसरीतही बसला तेव्हा शिवणाऱ्या बाईंनी विचारलं, हिला खायला देता ना?

दहाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी मान, कान, नखं बघितली आणि रक्त पाठवलं. 18 दिवसांनी कागद आला: 45,एक्स. म्हणजे 46 ऐवजी 45 गुणसूत्रं, एक्स एकच. टर्नर. त्या रात्री घरात एकच प्रश्न, "तुमच्याकडे कुणाला आहे का असं?"

तर लिहूनच टाकते. साधारण दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला हे असतं. बीजपेशी बनताना किंवा गर्भ राहिल्यावर पेशी विभागताना एक एक्स गळतो. पिढीजात नाही, आईच्या वयाशीही संबंध नाही. उलट 45,एक्स असलेल्या चारांतल्या तिघींमध्ये उरलेला एक्स आईचा असतो, गळलेला बापाकडचा. वन्सं, वाचताय ना? (बापाचाही दोष नाही यात. पण मला कुणी हे म्हटलं नव्हतं.)

उंचीसाठी उपचार म्हणजे ग्रोथ हॉर्मोनचं इंजेक्शन रोज रात्री, वर्षानुवर्षं, आणि महाग. हाडांची टोकं जुळली की उपयोग शून्य, म्हणून घाई. उपचार न केलेल्या बायका सरासरीपेक्षा साधारण 20 सेंटीमीटरने कमी राहतात. डोक्याने माझी लेक तल्लख आहे, फक्त भूमिती आणि नकाशा दिसला की चिडते.

बुटकी म्हणजे टर्नरच असं नाही हां. थायरॉइड असेल, सीलिअ‍ॅक (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याचा आजार) असेल, तुम्हीच दोघं बुटके असाल. मी डॉक्टर नाही.

पण टर्नर निघालंच तर किडनीची सोनोग्राफी आणि हृदयाचा एको लगेच करा. महाधमनी अरुंद असू शकते, झडपेला तीनऐवजी दोनच पडदे असू शकतात. आम्ही एकोला सहा महिने लावले. घरात तेव्हा दोष कुणाकडचा तेच चालू होतं.