खोकला नव्हता, तरी टीबी होता

तुम्ही विचारलंय की टीबी शरीरात कसा पसरतो, त्याचे टप्पे कोणते, आणि खोकला नसताना तो असू शकतो का. असू शकतो. माझ्या आईला एक दिवसही खोकला नव्हता.

आम्ही सोलापूरच्या विडी घरकुलातले. आई मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळायची. पाठ धरली तर सगळे म्हणायचे, बसून बसून दुखणारच. आठ महिने मलम, शेक, कमरेचा पट्टा. संध्याकाळी कसर यायची, ती दमली असेल म्हणून सोडून दिली. मग एकदा सात रस्त्याला उतरताना तिची एक चप्पल रिक्षातच राहिली आणि ती तशीच चालत राहिली. पायाला कळलंच नाही. एमआरआयमध्ये दोन मणके खचलेले, शेजारी साठलेला पू मज्जारज्जूवर दाबत होता. तो सुईने काढून तपासला तेव्हा टीबी निघाला.

जंतू शिरतात श्वासातून, फुप्फुसात. दहातल्या साधारण नऊ जणांचं शरीर त्यांना कोंडून ठेवतं, आयुष्यभर त्रास होत नाही. पण सुरुवातीलाच काही जंतू रक्तातून मणक्यात, मूत्रपिंडात, गाठींत, मेंदूच्या आवरणात जाऊन बसतात. मधुमेह, एचआयव्ही किंवा कुपोषणाने अंगातली ताकद गेली की तिथे जागे होतात. मेंदूच्या आवरणाचा सगळ्यात वाईट, त्यात एक दिवसही घालवू नका.

निदान झालं त्याच रात्री काकूंनी आईचं ताट-तांब्या वेगळं केलं. मणक्याचा टीबी दुसऱ्याला लागत नाही. फुप्फुसाचासुद्धा ताटातून लागत नाही, खोकल्यातून हवेत येतो. मी ओरडून सांगितलं, कुणी ऐकलं नाही. आई वर्षभर कोपऱ्यात जेवली. दोन महिन्यांत तिला बरं वाटलं तेव्हा काका म्हणाले, आता गोळ्या बस्स. मी बंद होऊ दिल्या नाहीत. अर्ध्यात सोडल्या की जंतू औषधाला दाद देईनासे होतात. फुप्फुसाच्या साध्या टीबीला सहा महिने लागतात, आईला बारा लागले. गोळ्यांनी लघवी केशरी होते, घाबरू नका. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट आहेत, आणि खाण्यापिण्यासाठी खात्यात पैसे येतात, नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये.

एक मात्र बघा, मणक्याबरोबर फुप्फुसातही असू शकतो. छातीचा एक्स-रे आणि थुंकी तपासून घ्या, तोवर मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा. ताट वेगळं केलं असेल तर ते आज रात्रीच परत मांडणीत ठेवा.