रत्नपारख : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आईसाठी पाच कॅरेटच्या आसपासचा पुष्कराज घ्यायचा आहे. प्रमाणपत्रावर ‘नॅचरल यलो सफायर’ असं छापलंय, म्हणजे खड्यावर काही प्रक्रिया नाही, असं सराफ सांगतात. हे बरोबर आहे का? (सांगली)

उत्तर : नाही. ‘नॅचरल’ म्हणजे खडा खाणीतून निघाला, कारखान्यात बनला नाही, एवढंच. पुढे त्याचं काय केलं ते ‘ट्रीटमेंट’ किंवा ‘कॉमेंट्स’च्या ओळीत असतं. न तापवलेल्या खड्यासाठी ‘नो इंडिकेशन्स ऑफ हीटिंग’ अशी नोंद हवी. ती ओळच नसेल तर ही तपासणी झाली होती का, हे प्रयोगशाळेला विचारा.

बाजारातले बहुतेक नीलम (निळे सफायर) आणि पुष्कराज तापवलेलेच असतात. त्यात वावगं काही नाही, रंग कायम टिकतो. फक्त भाव हीटेडचा लागला पाहिजे. श्रीलंकेतला ‘गेउडा’ नावाचा दुधट कच्चा सफायर दीड हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवला की आतल्या रुटाइल या खनिजाच्या सुया विरघळतात, त्यातलं टायटॅनियम स्फटिकात मुरतं आणि लोहाच्या जोडीने निळा रंग उमटतो. दहा पट भिंगाखाली सुया तुटून ठिपक्यांच्या रांगा झालेल्या, किंवा आतल्या बारीक स्फटिकाभोवती चकतीसारखी चीर दिसली, तर खडा बहुधा भट्टीतून गेलेला असतो. अखंड, रेशमी सुया असतील तर निदान फार तापवलेला नसावा.

पुष्कराजात मुख्य धोका बेरिलियम या हलक्या धातूचा. २००२च्या सुमारास उघडकीला आलेल्या या पद्धतीत फिकट खडे बेरिलियमसोबत १८०० अंशांच्या आसपास भाजतात. रंग आरपार जाऊ शकतो, त्यामुळे भिंगाने भागत नाही. लेझरने कणभर अंश उडवून त्याचं रासायनिक पृथक्करण करावं लागतं. भारी किमतीच्या गडद पिवळ्या किंवा केशरी खड्यासाठी ही चाचणी मागाच, कारण असा खडा साध्या तापवलेल्यापेक्षा बराच स्वस्त मिळायला हवा. किरणोत्साराने पिवळा केलेला खडा तर उन्हात फिका पडतो.

खडा सुटाच घ्या, कोंदणात बसवण्याआधी. अहवालातलं वजन आणि मिलिमीटरमधली मापं समोर जुळवून पाहा, क्रमांक प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर तपासा. भाव कॅरेटमध्येच ठरवा : कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, पण सोनारी रत्ती सुमारे १२१ आणि खड्यांच्या बाजारातली रत्ती १८०च्या आसपास, अशी गल्लत होते. प्रक्रिया पक्क्या बिलावर लिहून घ्या.

प्रश्न : स्वस्तात घेतलेल्या नीलमाच्या अंगठीला सोनाराने डाग दिल्यावर (ज्योतीने सांधा जोडल्यावर) खड्यावर पांढुरकं जाळं उमटलं. आता काय करावं? (ठाणे)

उत्तर : हा बहुधा काच भरलेला नीलम आहे. चिरा पडलेल्या हलक्या मालात शिशाची, कधी कोबाल्टने निळी केलेली काच वितळवून भरतात. डाग देतानाची ज्योत तिला सोसत नाही, आणि दागिना साफ करायचं आम्लही तिला खातं. लिंबाचा रससुद्धा पृष्ठभागावर खुणा सोडतो. भिंगातून खडा हळूहळू फिरवा : चिरेत बुडबुडे किंवा निळी-जांभळी चमक दिसली तर शंका पक्की समजा. अशी काच पुन्हा भरून घेण्यात अर्थ नाही. बिलावर ‘ग्लास फिल्ड’ लिहिलं नसेल तर प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन दुकानदाराकडे परतावा मागा, आणि तोवर खड्याला पुन्हा ज्योत किंवा आम्ल लागू देऊ नका.