रंगूनहून चालत आलेले पणजोबा

प्रश्न : माझे पणजोबा रंगूनच्या बंदरात कारकून होते. १९४२ साली ते सीमेवरच्या तमूमार्गे इंफाळपर्यंत चालत आले, धाकटा भाऊ वाटेतच गेला. आजी सांगायची, जपानी बॉम्बपेक्षा बर्मी टोळ्यांची धास्ती मोठी होती. पुढे वाचलं की ब्रह्मदेशाचे (आजच्या म्यानमारचे) स्वातंत्र्यनेते आंग सान आधी जपान्यांच्या बाजूने होते, मग त्यांच्यावरच उलटले. अशा माणसाला तो देश राष्ट्रपिता कसा मानतो? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमच्या आजी सांगायच्या ते खरं आहे. २३ डिसेंबर १९४१ला रंगूनवर पहिले बॉम्ब पडले, ८ मार्चला शहर पडलं, आणि लाखो भारतीय पायी निघाले. हजारो माणसं कॉलऱ्याने, मलेरियाने, उपासमारीने वाटेतच गेली. लूटमारही झाली. या दुःखाला मला कुठेही मुरड घालायची नाही.

पण बर्मी माणसाचा राग आपल्यावर का निघाला, ते समजायला मला माझ्याच गावापासून सुरुवात करावी लागते. मी रत्नागिरीची. थिबा पॅलेसच्या आवारात आम्ही शाळकरी मुली खेळायचो. ब्रह्मदेशाचा हा राजा थिबा इथे का आला, असं कुणी विचारलंच नाही. नोव्हेंबर १८८५मध्ये इंग्रजांनी जेमतेम दोन आठवड्यांच्या लढाईत त्याची राजधानी मंडाले घेतली, राजाराणीला आगबोटीत बसवलं आणि एप्रिल १८८६मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. डिसेंबर १९१६मध्ये राजा इथेच वारला. आमच्या रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं होते, तेव्हा मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत होता!

राजा गेला आणि त्याचं राज्य हिंदुस्थानचा एक प्रांत झालं. १ एप्रिल १९३७पर्यंत ते तसंच राहिलं. म्हणजे बर्मी शेतकऱ्याला साहेब क्वचितच दिसायचा. त्याला दिसायचे ते हिंदी शिपाई, हिंदी कारकून, हिंदी सावकार. १९३१च्या जनगणनेत रंगूनची निम्म्याहून अधिक वस्ती भारतीय होती. इरावतीच्या खोऱ्यात भातशेतीला पैसा पुरवायचे चेट्टियार, म्हणजे दक्षिण हिंदुस्थानातले तमिळ सावकार. १९३०च्या मंदीत तांदळाचा भाव कोसळला, कर्ज फिटेना, आणि गहाण जमिनी सावकारांच्या नावावर चढल्या. त्या दशकाच्या अखेरीस दक्षिण ब्रह्मदेशाच्या मुख्य भातपट्ट्यातली सुमारे चौथा हिस्सा जमीन चेट्टियारांकडे होती. त्यांना जमीन नको होती, रोकड हवी होती. पण ज्याचं शेत गेलं त्याला या फरकाचं काय? तुमच्या पणजोबांनी कुणाची जमीन घेतली नव्हती. तरी गावातून जाताना तो राग त्यांच्या वाट्याला आला.

आता आंग सान. विद्यार्थी पुढारी. त्यांच्या गटातली मुलं स्वतःला ‘थाकिन’ म्हणवत. थाकिन म्हणजे मालक, साहेबाला हाक मारायचा शब्द! १९४०मध्ये ते गुपचूप देशाबाहेर पडले, जपान्यांकडून तीस साथीदारांना लष्करी शिक्षण मिळालं, आणि जपानी फौजेबरोबर त्यांची सेना ब्रह्मदेशात आली. त्या सेनेत वाटेत कोणीही भरती झालं, आणि भारतीयांवर, तिथल्या अल्पसंख्य करेन लोकांवर अत्याचार झाले. तो डाग पुसता येत नाही. ऑगस्ट १९४३मध्ये जपानने दिलेलं ‘स्वातंत्र्य’ नावापुरतंच निघालं, म्हणून २७ मार्च १९४५ला त्यांनी जपान्यांवरच शस्त्र उचललं. तुम्ही याला उलटणं म्हणता. मला यात एकच हट्ट दिसतो : देश कुणाच्याही ताब्यात राहता कामा नये.

फेब्रुवारी १९४७मध्ये पांगलाँग गावी शान, काचिन, चिन या डोंगराळ भागांतल्या जमातींच्या पुढाऱ्यांशी आंग सान यांनी करार केला. १९ जुलैला रंगूनच्या सचिवालयात बैठक चालू असताना बंदूकधाऱ्यांनी त्यांना मारलं. वय अवघं ३२. ४ जानेवारी १९४८च्या पहाटे, ज्योतिषांनी काढून दिलेल्या ४ वाजून २० मिनिटांच्या मुहूर्तावर देश स्वतंत्र झाला. ते पाहायला आंग सान नव्हते. १९६२मध्ये सत्ता बळकावणारे ने विन त्याच तीस साथीदारांपैकी. त्यांच्या राजवटीत दुकानं सरकारजमा झाली आणि भारतीयांना पुन्हा एकदा देश सोडावा लागला.

तुमच्या आजींना मात्र मी आणखी एक नाव सांगितलं असतं. त्या बैठकीत आंग सान यांच्याबरोबर मंत्री ऊ रझाक मारले गेले. त्यांचे वडील तमिळ मुसलमान होते, आई बर्मी. दर १९ जुलैला त्या देशात हुतात्म्यांना वंदन होतं, त्यात त्यांचंही नाव असतं.