सत्ताविसाव्या वर्षी प्राचीन इतिहास शिकू पाहणाऱ्या मुलीला

'मावशी, मी २७ वर्षांची असून अभियांत्रिकीची पदवी घेऊन पाच वर्षे एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. तीन वर्षांपूर्वी प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्यूसिडिडीझने लिहिलेला पेलोपनीशियन युद्धाचा (अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या युद्धाचा) इतिहास अनुवादातून वाचला आणि तेव्हापासून रात्री दुसरे काही वाचवतच नाही. नोकरी सोडून प्राचीन इतिहासात एम.ए. आणि पुढे पीएच.डी. करावी असे वाटते. दादा म्हणतो, ही पळवाट आहे; तुला तो विषय हवा आहे असे नाही, तुला नोकरी नको आहे. त्याचे खरे असेल का? आणि मला उशीर झाला आहे का?'

तू मला मावशी म्हटलेस, म्हणून एकेरीच लिहिते. दादाचा शब्द तुझ्या मनाला लागला आहे हे दिसतेच, पण तो मी लगेच खोडून काढणार नाही, कारण नोकरीचा कंटाळा आणि विषयाची ओढ या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकाच वेळी नांदू शकतात आणि शेजारी राहणाऱ्याला त्यातला कंटाळाच आधी दिसतो. तुझे पत्र येथे थोडक्यात दिले आहे. मूळ पत्रात कचेरीविषयी चार ओळी आहेत आणि त्याच युद्धातल्या, अथेन्सच्या सिसिली बेटावरील मोहिमेविषयी दीड पान आहे. मला ते दीड पान खरे वाटते. मात्र त्या संपूर्ण पत्रात एका गोष्टीचा उल्लेखही नाही: ग्रीक भाषा शिकायला तू सुरुवात केल्याचा. माझ्या मते तुझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिथे आहे.

भाषेवर एवढा भर का, ते तुझ्याच आवडीच्या प्रकरणातून सांगते. इ.स.पू. ४१५ च्या मोहिमेआधी सिसिलीतल्या एगेस्टा नगराचे दूत अथेन्सकडे मदत मागायला आले, हे तू वाचले आहेस. या दोन नगरांमधला करार कोरलेला एक दगड उपलब्ध आहे. तो झिजलेला आहे, आणि ज्या आर्कॉनच्या (ज्याच्या नावाने अथेन्समध्ये ते वर्ष ओळखले जाई त्या अधिकाऱ्याच्या) वर्षी करार झाला त्याच्या नावाची केवळ शेवटची दोन अक्षरे नीट दिसत होती. या लेखातला सिग्मा, म्हणजे ग्रीक 'स', तीन रेघांचा आहे, आणि असा सिग्मा इ.स.पू. ४४५ च्या सुमारानंतर अथेन्सच्या सरकारी कोरीव लेखांत वापरला जात नव्हता असा अभ्यासकांचा समज होता, म्हणून हा करार बराच काळ इ.स.पू. ४५८ च्या आसपासचा मानला गेला. पुढे १९९० मध्ये लेझरच्या प्रकाशात दगडाची छायाचित्रे घेऊन ते नाव 'अँटिफॉन' असे वाचले गेले, म्हणजे वर्ष इ.स.पू. ४१८-१७ ठरले. बहुसंख्य अभ्यासक आज हेच वाचन मान्य करतात. चाळीस वर्षांपूर्वीचा जुना करार मोहिमेच्या अगदी उंबरठ्यावर येऊन बसला, आणि त्याच सिग्माच्या आधारे कालनिश्चिती झालेले इतर लेखही पुन्हा तपासावे लागले. अथेन्स आपल्या मित्रनगरांशी कठोरपणे केव्हा वागू लागले, या मोठ्या प्रश्नाचे उत्तर एका अक्षराच्या रेघांवर काही अंशी अवलंबून होते.

असे कोरीव लेख छापताना संपादक ही अनिश्चितता लपवत नाहीत. १९३१ मध्ये ठरलेल्या लायडन पद्धतीनुसार दगडावर नसलेली, संपादकाने तर्काने भरलेली अक्षरे चौकोनी कंसात येतात आणि जे अक्षर नक्की वाचता येत नाही त्याच्याखाली टिंब दिले जाते. अनुवादात येईपर्यंत यातली बहुतेक टिंबे आणि कंस गळून पडतात, आणि वाचकाला सगळेच सारखे पक्के वाटू लागते. पदव्युत्तर अभ्यासात तुला हे कंस वाचायचे आहेत, आणि कधीतरी एखादा कंस चुकीचा भरला आहे असे म्हणायचे आहे. ते अनुवादाच्या बळावर होणार नाही.

म्हणून नोकरी सोडण्याआधी दहा महिने रोज तासभर ग्रीक कर. शाळेत संस्कृत होते असे तू लिहिले आहेस, त्याचा उपयोग होईल. द्विवचन, आत्मनेपदाच्या जवळचा मध्यम प्रयोग, भूतकाळात क्रियापदाच्या आधी लागणारा आगम, हे सारे तिथे ओळखीच्या चेहऱ्यांसारखे भेटेल. थ्यूसिडिडीझने मात्र सुरुवात करू नकोस, त्याची वाक्ये प्राचीन ग्रीक वाचकांनाही अवघड वाटत; आधी झेनोफन किंवा लिसियस हे सोपे गद्यलेखक घे. सहाव्या-सातव्या महिन्यात क्रियापदांची रूपे डोक्यात गोंधळ घालतील आणि एका परिच्छेदाला अख्खी संध्याकाळ जाईल. त्या दिवसांतही वही उघडावीशी वाटली, तर दादाचा तर्क चुकला असे मी मानेन. वाटलीच नाही, तर नोकरी बदल आणि अनुवाद आनंदाने वाचत राहा. त्यात कमीपणा काही नाही.

उशीर झाला आहे का, तर नाही. अमेरिकन अभ्यासक ॲलिस कोबर दिवसा ब्रुकलिनमधल्या महाविद्यालयात शिकवत आणि संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर क्रीट बेटावर सापडलेल्या प्राचीन मातीच्या पाट्यांवरच्या लिनियर बी या तेव्हा अज्ञात असलेल्या लिपीचा अभ्यास करीत. युद्धकाळात कागद मिळेना, तेव्हा शुभेच्छापत्रांच्या पाठीमागे आणि मिळेल त्या चिठोऱ्यांवर त्यांनी सुमारे १,८०,००० कार्डे तयार केली आणि सिगारेटच्या खोक्यांत लावून ठेवली. शब्दांचे शेवट बदलतात, म्हणजे ही भाषा विभक्तिप्रत्ययांची आहे, हे त्यांनी दाखवून दिले. १९५० मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी त्या गेल्या आणि १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा आतली भाषा ग्रीक निघाली. व्हेंट्रिस पेशाने वास्तुविशारद होते. अशी माणसे विरळाच, हे मला ठाऊक आहे; पण नोकरी सांभाळून केलेला अभ्यास कच्चा असतो, ही समजूत खोडायला कोबर यांचे उदाहरण मला पुरेसे वाटते.

एम.ए. आणि पीएच.डी. यांचा निर्णय मात्र एका दमात घेऊ नकोस. ब्रिटनमध्ये एम.ए. बहुधा एका वर्षाचे असते, आणि प्राचीन इतिहासाच्या काही अभ्यासक्रमांत ग्रीक-लॅटिन न येणाऱ्यांनाही प्रवेश देऊन भाषा पहिल्यापासून शिकवतात. क्लासिक्स (ग्रीक-लॅटिन भाषा व साहित्य) या नावाच्या अभ्यासक्रमात मात्र बहुधा निदान एक भाषा, अनेकदा दोन्ही, आधीच हव्या असतात. अमेरिकेत पीएच.डी.ला पाच वर्षे किंवा अधिक लागतात, मूळ संहितांवर भाषांतराच्या परीक्षा द्याव्या लागतात, आणि जर्मनबरोबर फ्रेंच किंवा इटालियन वाचता यावे अशी अपेक्षा असते, कारण या विषयातले शंभर-दीडशे वर्षांचे मोठे काम त्या भाषांत आहे. एम.ए.साठी स्वतःच्या बचतीतून, गेली तरी घर हलणार नाही एवढीच रक्कम लाव. पीएच.डी. मात्र पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तरच कर, कर्ज काढून मुळीच नको. कायमच्या प्राध्यापकपदांची संख्या अतिशय कमी आहे आणि विभाग बंदही होतात. हॉवर्ड विद्यापीठाने आपला क्लासिक्स विभाग बंद करण्याचा निर्णय २०२१ मध्ये घेतला. हे लिहिताना मला वाईट वाटते, पण तुझ्यापासून लपवणे योग्य नव्हे.

एक अडचण तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. अर्जासोबत शिफारसपत्रे आणि विषयातल्या लेखनाचा नमुना लागतो, आणि अभियांत्रिकीचे तुझे प्राध्यापक तुझ्या ग्रीकबद्दल काहीच सांगू शकणार नाहीत. उन्हाळ्यात अनेक विद्यापीठे काही आठवड्यांचे सघन भाषावर्ग घेतात. दहा महिन्यांनंतर साठवलेली रजा टाकून अशा एका वर्गाला जा. तिथे शिकवणाऱ्यांनी तुझा गृहपाठ तपासलेला असेल, म्हणून पत्र त्यांच्याकडूनच घे, आणि नमुन्यासाठी एगेस्टाच्या त्याच दगडावर वीस पाने लिही.

दादाशी वाद घालू नकोस. या दहा महिन्यांत काय करणार, बचत किती, आणि पीएच.डी.ला शिष्यवृत्ती मिळाली नाही तर परत कोणत्या कामावर येणार, एवढे एका कागदावर लिहून त्याच्यापुढे ठेव. त्याच्या पळवाट या शब्दामागे बहुधा याच तिसऱ्या ओळीची काळजी आहे, आणि ती ओळ तू अजून स्वतःसाठीही लिहिलेली नाहीस.