पहिलं उड्डाण बुटकंच बरं

अमेरिकेतल्या मराठी घरांतून शाळांना सुट्टी लागली की माझ्याकडे येणारे प्रश्न बहुतेक एकाच चालीचे असतात: वाढदिवसाला रॉकेटचं किट आलंय, पोरगं मागे लागलंय, आता काय करू? त्यातले सहा आज घेतो. शेवटचा पुण्याहून आलाय आणि त्याचं उत्तर सगळ्यांनीच वाचावं.

मुलगी नऊ वर्षांची. एस्टीज कंपनीचं अल्फा थ्री किट आणलंय, सोबत ए८-३ आणि सी६-५ अशी दोन प्रकारची इंजिनं. आठ मोठं की सहा? पहिल्यांदा कुठलं लावू? मैदान म्हणजे जवळच्या हायस्कूलचं फुटबॉल ग्राउंड. (प्लेनो, टेक्सास)

आकड्याला फसू नका, आठवालं इंजिनच धाकटं आहे. (इंजिन म्हणजे बारूद भरलेली, एकदाच वापरायची कांडी.) आधी अक्षर बघायचं. अक्षर एकूण ताकद सांगतं आणि दर पुढच्या अक्षराला तिची मर्यादा दुप्पट होते: ए म्हणजे २.५ न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी म्हणजे ५, सी म्हणजे १०. मधला आकडा हा सरासरी जोर. सीचा रेटा सौम्य असला तरी तो जास्त वेळ टिकतो, म्हणून रॉकेट कुठल्या कुठे जातं. डॅशनंतरचा आकडा कुणी बघत नाही, आणि घोळ बहुधा तिथेच होतो. जळण संपल्यावर किती सेकंदांनी पॅराशूट बाहेर फेकायचं, ते तो सांगतो. तेवढा वेळ रॉकेट नुसत्या वेगावर वर चढत असतं. कधी डॅशच्या पुढे शून्य दिसलं तर ते इंजिन परत करा. ते दोन टप्प्यांच्या रॉकेटातल्या खालच्या टप्प्याचं असतं, जळण संपताक्षणीच आग पुढे ढकलतं.

आता मैदान. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा नियमांत ए इंजिनाला किमान १०० फूट लांबी-रुंदीची जागा सांगितली आहे, सीला ४००. अमेरिकन फुटबॉलचं मैदान दोन्ही टोकं धरून ३६० फूट लांब आणि १६० फूट रुंद. म्हणजे सी तिथे बसतच नाही. ए८-३ लावा. मुलीला रॉकेट जाताना दिसेल, पॅराशूट उघडताना दिसेल, आणि ती स्वतः धावत जाऊन ते आणेल. सी लावलंत तर दोन सेकंद धूर दिसेल आणि मग अर्धा तास कुणाच्या तरी छपराकडे बघत बसाल.

शाळेची परवानगी घ्याच. टेक्सासच्या उन्हाळ्यात काउंटीने उघड्यावर आग पेटवायला बंदी घातली असेल तर आधी चौकशी करा. ज्यावरून रॉकेट सुटतं ते पॅड वाळलेल्या गवतावर ठेवू नका.

इंजिनाची नळी चिकटवताना आतली पुठ्ठ्याची रिंग अर्ध्यातच अडकली. आता पुढेही जात नाही, मागेही येत नाही. (कोलंबस, ओहायो)

इंजिन पुढे सरकू नये म्हणून बसवायच्या या रिंगेने माझेही दोन संध्याकाळ खाल्लेत. लाकडाचा गोंद ओला असताना बोटांना निसरडा लागतो, म्हणून आपण निवांत असतो. पण कागद त्यातलं पाणी शोषून फुगतो, आणि हात एक क्षण थांबला की रिंग तिथेच धरते. पुन्हा करताना गोंद रिंगेला लावायचाच नाही. आइस्क्रीमच्या काडीने नळीच्या आत, रिंग जिथे बसायची आहे त्याच्या जरा अलीकडे गोल फिरवून लावायचा. वापरून झालेल्या इंजिनाच्या रिकाम्या खोळीवर पेन्सिलने खूण करायची, तिने रिंग खुणेपर्यंत एका दमात आत ढकलायची आणि खोळ लगेच बाहेर काढायची. लगेच म्हणजे लगेच, नाहीतर खोळही आतच राहते. (दुसरी संध्याकाळ तिने खाल्ली.)

तुमची अडकलेली रिंग ठोकू नका, नळी चेपेल. तेवढीच नळी सुटी मिळते. ती मागवा.

काका, आमचं रॉकेट छान वर गेलं पण पॅराशूट उघडलंच नाही. ते बाणासारखं खाली आलं आणि नाक वाकडं झालं. बाबा म्हणतात किट खराब होतं. (वय ११, मिशिगन)

किट खराब असेल असं मला वाटत नाही रे. बाबांना सांगू नकोस मी म्हणालो म्हणून. मला तीन गोष्टी तपासून सांग.

एक, पॅराशूट घडी करून आदल्या रात्रीच आत भरून ठेवलं होतंस का? पातळ प्लास्टिक थंडीत ताठ होतं आणि घडीवर घडी चिकटून बसते. उडवायच्या अगदी आधी घडी घाल, आणि त्याआधी त्यावर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरव. दोन, पॅराशूटच्या खाली वॅडिंग किती घातलंस? तीन-चार कागद, हलके चुरगळून. कमी पडले तर गरम वाऱ्याने प्लास्टिक वितळून गोळा होतो; ठासून भरलेस तर सगळंच अडकतं. घरातला टिश्यू पेपर चालत नाही, तो पेटतो. वॅडिंग न पेटणारं असतं. तीन, नाक घट्ट होतं का? नाक धरून रॉकेट उचललं तर ते पडता कामा नये, पण हलका झटका दिला की सुटलं पाहिजे. घट्ट असेल तर बारीक सँडपेपरने घास, सैल असेल तर मास्किंग टेपचा एक वेढा दे.

नाक वाकडं झालं तरी जपून ठेव. माझ्याकडे अशी चार आहेत.

मुलाने शेपटीला खेळण्यातला अंतराळवीर चिकटवलाय, काढू देत नाही. उडेल का? (न्यू जर्सी)

उडेल. कुठे जाईल ते मात्र अंतराळवीरालाही कळणार नाही. रॉकेटचा तोलबिंदू, म्हणजे बोटावर आडवं ठेवलं तर जिथे तोल सांभाळतं ती जागा, नाकाच्या बाजूला हवी. हवेचा दाब जिथे एकवटतो ती जागा त्याच्या मागे, शेपटीकडे हवी. दोन्हींत किमान रॉकेटच्या जाडीएवढं तरी अंतर असावं. पंख दाबाची जागा मागे ओढतात. दिवाळीतल्या रॉकेटची लांब काडीही सरळ जाण्यासाठीच असते. तुम्ही मागे वजन वाढवलंत की तोलबिंदू मागे सरकतो आणि रॉकेट कोलांट्या खातं.

तपासायची सोपी युक्ती आहे. इंजिन, पॅराशूट सगळं भरून तोलबिंदूपाशी दोरी बांधा, टेप लावा आणि मोकळ्या जागी गोफणीसारखं डोक्याभोवती गरगरा फिरवा. नाक पुढे ठेवून फिरलं तर ठीक. आडवंतिडवं झालं तर नाकात चिकणमाती भरून पुन्हा फिरवा. किंवा अंतराळवीराची नेमणूक पॅडच्या राखणीवर करा, हा माझ्या मते बरा तोडगा.

बटण दाबलं, काहीच झालं नाही. किती वेळ थांबायचं? (ह्यूस्टन)

आधी लाँचरची, म्हणजे बटणाच्या डब्याची, किल्ली काढा, मग ६० सेकंद कुणीही पुढे जायचं नाही. बहुतेक वेळा इग्नायटरचं, म्हणजे इंजिन पेटवणाऱ्या बारीक तारेचं, टोक आतल्या बारुदाला टेकलेलं नसतं, नाहीतर दोन क्लिपा एकमेकींना चिकटलेल्या असतात, नाहीतर बॅटरी उतरलेली असते. नवा इग्नायटर लावा. वात किंवा उदबत्ती अजिबात नको. बटण १५ फुटांवरून दाबता यावं म्हणूनच त्याची वायर लांब असते.

भाऊ डॅलसहून येतोय. त्याला किट आणि इंजिनं आणायला सांगू का? नाहीतर इथेच फटाक्यांची दारू वापरून इंजिन करता येईल का? (पुणे)

किट आणू दे, इंजिनं नकोत. रॉकेटची इंजिनं विमानात हातातल्या बॅगेतही चालत नाहीत आणि चेक-इनच्या बॅगेतही नाहीत. भारतात स्फोटकांना १८८४चा कायदा आणि २००८चे नियम लागू आहेत; त्यांचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकच: नाही. हा छंद जन्मलाच मुळी लोकांनी हाताने दारू ठासू नये म्हणून. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचे चपलांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांनी बदलता येणाऱ्या इंजिनाचं छोटं रॉकेट तयार केलं होतं. व्हाइट सँड्स या न्यू मेक्सिकोतल्या क्षेपणास्त्र चाचणी केंद्रात काम करणाऱ्या जी. हॅरी स्टाइन यांनी १९५७ साली, मुलं घरच्या घरी रॉकेट करायच्या नादात जखमी होतात, अशा अर्थाचा लेख लिहिला. तो वाचून कार्लाइल यांनी त्यांना पत्र धाडलं. पुढच्याच वर्षी व्हर्न एस्टीज यांनी डेन्व्हरला इंजिनं भरणारं यंत्र बांधलं आणि त्याचं नाव ठेवलं मेबल. तेव्हापासून दारू यंत्र भरतं, माणूस नाही.

तुम्ही पाण्याचं रॉकेट करा. शीतपेयाची दोन लिटरची, ओरखडा नसलेली बाटली घ्या आणि एक तृतीयांश पाणी भरा. तोंडाला सायकलचा व्हॉल्व्ह बसवलेलं घट्ट बूच लावा आणि दाब दाखवणारा काटा असलेल्या पंपाने हवा भरा. काटा ६० पीएसआयच्या पुढे जाऊ देऊ नका, आणि बूच सोडायची खिटी लांब दोरीने ओढा. नुसती हवा भरली तर बाटली टुणकन उडून पडते. मागे फेकायला वजन हवं, ते पाणी देतं. पंख पुठ्ठ्याचे, तीन किंवा चार, तळाशी सारख्या अंतरावर. भावाने आणलेलं किट शेजारी ठेवा, पंखांचा आकार त्याच्यावरून उतरवा. आणि जो दोरी ओढणार आहे त्याचे जुने कपडे आधीच काढून ठेवा.