“ताई, ही ‘तसली’ गाठ तर नाही ना?”

नागपूरच्या महाल भागातल्या एक काकू, छप्पन्नच्या, ब्लाउज शिवणाऱ्या. (ओळख बदलली आहे.) झोप लागत नाही म्हणून माझ्याकडे आल्या. अर्धा तास सुनेबद्दल, उन्हाबद्दल बोलल्या, पण उजवा हात पदराखालून निघेना. शेवटी मीच विचारलं. मधल्या बोटावर, नखाच्या अगदी मागे, तुरीच्या दाण्याएवढी चकचकीत गाठ. नखावर उभी खाच.

“डॉक्टर म्हणे काही नाही, साधी गाठ आहे. माह्या बहिणीले बी पहिले असंच म्हणलं होतं ना जी!” बहीण स्तनाच्या कॅन्सरनं गेली होती.

घाबरलेल्या माणसाला ‘काही नाही’ हे उत्तर पुरत नाही. त्यांच्या कागदावर ‘मिक्सॉइड सिस्ट’ लिहिलं होतं. ते समजावायला मी त्यांच्याच शिलाई मशीनचा आधार घेतला. बोटाच्या टोकाचा सांधा झिजला की हाडाला बारीक टोकं फुटतात, सांध्यातलं वंगण बाहेर झिरपतं आणि कातडीखाली जेलीसारखं साठतं. नखाच्या मुळावर दाब आला की खाच पडते. पायाच्या बोटांनाही होते. हा कॅन्सर नाही आणि पुढे त्याचा कॅन्सर होतही नाही.

“मंग फोडली तरी परत काहून येते?”

म्हणजे फोडून झालं होतं! दोनदा, शिवणाच्या सुईनं. आतून साबुदाण्याच्या पेजेसारखं आलं, पंधरा दिवसांत गाठ पुन्हा भरली, आणि परत आली म्हणजे ‘तसलीच’ असं त्यांनी धरलं. इथे मी जरा रागावलेच. गाठीची वाट सांध्यात उघडी असते, म्हणून ती भरते. त्याच वाटेनं सुईवरचे जंतूही सांध्यात जाऊ शकतात. लाल झाली, गरम लागली, पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून देऊन त्यांना परत पाठवलं. दुखत नसेल तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. डॉक्टर निर्जंतुक सुईनं रिकामी करतात किंवा गोठवतात, पण ती पुन्हा येऊ शकते. छोट्या शस्त्रक्रियेत हाडाचं टोकही काढलं, तर परतण्याची शक्यता सगळ्यांत कमी. दाब गेला की खाच बहुधा नव्या नखाबरोबर निघून जाते. त्याला सहाएक महिने लागतात.

काकूंनी गाठ तशीच ठेवली. पुढच्या भेटीत तिच्याबद्दल दोनच मिनिटं बोलल्या. उरलेला वेळ बहिणीचा होता.