सात अक्षरं हातात आली की…

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी मुलगी सातवीत, सेमी इंग्रजीच्या वर्गात आहे. शाळेत तिला स्क्रॅबलची, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्यांतून पटावर इंग्रजी शब्द मांडायच्या खेळाची, गोडी लागली. पण घरी खेळताना ती हातातली अक्षरं मोबाइलवर टाकते आणि जी यादी येते तिच्यातला सगळ्यात लांब शब्द पटावर मांडते. अर्थ विचारला तर सांगता येत नाही. दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द स्वतः शोधायची काही रीत आहे का? आणि क्यू आला, पण यू नसला, तर क्यू परतच करायचा का?
– एक आई, मिरज

उत्तर : ताई, रीत आहे आणि सातवीतल्या मुलीला ती सहज जमेल. मोबाइल तोडायची गरज नाही, फक्त तो डाव संपल्यावर हातात घ्यायचा. आधी यादी पाहिली की डोकं शोधायचं थांबतं, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहत आले आहे.

आधी सोंगट्या घेऊन बसा. समजा ए, ई, आय, एन, आर, एस, टी अशी सात अक्षरं आली. सात वेगवेगळ्या अक्षरांच्या 5040 मांडण्या होतात. त्या एकेक करून बघत बसणं माणसाचं काम नाही. म्हणून शेपटाकडून सुरुवात करायची. इंग्रजी शब्दांची शेपटं ठरलेली असतात : ई-डी, ई-आर, आय-एन-जी, टी-आय-ओ-एन. इथे ई आणि आर उचलून उजवीकडे ठेवा. उरले ए, आय, एन, एस, टी. त्यात स्टेन दिसतो, म्हणजे स्टेनर झाला. आता आय-ई-आर बाजूला घ्या, उरलं एन-ए-एस-टी. नॅस्टी तिला माहीत असेल, तर नॅस्टियर हाताला लागलाच. मग एस एकटा शेवटी ठेवा आणि उरलेली सहा अक्षरं ओळीत न मांडता गोल मांडा. ओळीत मांडली की डोळा त्याच क्रमाने वाचत राहतो, गोलात तसं होत नाही. रिटेन दिसेल, रेटिना दिसेल. दोघांनाही एस लागतो. सातही सोंगट्या एका खेळीत लागल्या की 50 गुण जास्तीचे, हे ती तुम्हाला सांगेलच.

एस मात्र जपून वापरायला शिकवा. हा खेळ बनवणारे आल्फ्रेड बट्स न्यूयॉर्कचे वास्तुविशारद. 1930 नंतरच्या मंदीत हाताला काम नव्हतं, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातली अक्षरं मोजून कोणतं अक्षर किती वेळा येतं ते काढलं. म्हणून ई-च्या 12 सोंगट्या आहेत. एस-च्या मात्र 4 च, नाहीतर अनेकवचनं करूनच डाव भरला असता. तीन अक्षरी शब्दाला शेपूट लावण्यात एस घालवला तर मला वाईट वाटतं.

आता आपल्या मुलांची खास अडचण. एन, आय, जी, एच, टी ही पाच अक्षरं तिच्यापुढे ठेवा. थिंग लवकर दिसेल, नाइट उशिरा. कारण आपली मुलं आधी उच्चार जुळवतात, मग अक्षरं. मराठीत लिहिलेलं अक्षर सहसा बोललं जातं, त्यामुळे न बोलली जाणारी अक्षरं कुठे बसवायची हे त्यांना सुचत नाही. त्यावर उपाय म्हणजे मुक्या अक्षरांच्या जोड्या पाठ करून घेणं : नाइफमधलं के-एन, राइटमधलं डब्ल्यू-आर, लाइटमधलं जी-एच-टी, कोममधलं (कंगव्यातलं) एम-बी. हातात के आणि एन दोन्ही आले की ते आधी शेजारी ठेवून बघायचं.

एक वही घाला. नवा शब्द सापडला की त्याची अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावून वर मथळा लिहायचा आणि खाली शब्द. ई-आय-एल-एन-एस-टी या मथळ्याखाली लिसन, सायलेंट, एन्लिस्ट, टिन्सेल असे चौघे जमतात. शब्द शोधणारे बरेच प्रोग्रॅमही याच पद्धतीने चालतात : सगळा शब्दकोश असा क्रम लावून ठेवलेला असतो आणि तुमची अक्षरंही त्याच क्रमाने लावून जुळवली जातात. हे तिला कळलं की मोबाइलची जादू उरत नाही, आणि तेच मला हवं आहे. शब्दापुढे अर्थ आणि तिचं स्वतःचं एक वाक्य हवंच. वाक्य झालं नाही तर तो शब्द वहीत घ्यायचा नाही, इथे मी कडक आहे.

शब्दकोड्यांत कधी कधी अक्षरं शेजारी-शेजारी हवी असतात, तो प्रकार वेगळा. के-एस-एच सलग असलेला शब्द सांगा म्हटलं की मुलं गोंधळतात. अशी अवघडलेली जोडणी दिसली की बहुधा तिथे दोन शब्दांचा सांधा असतो : वर्कशॉप, बुकशेल्फ. आणि दिलेल्या अक्षरांबरोबर इतर अक्षरंही चालणार असतील, तर कॉम्प्युटर जरूर वापरा. एक्सेलमध्ये शब्दांची यादी घ्या आणि फिल्टरमध्ये तारांकन, एम, टी असं लिहा. शेवटी एम-टी असलेले शब्द येतात, ड्रेम्ट त्यातलाच. दोन एल हवे असतील तर तारांकन-एल-तारांकन-एल-तारांकन असं लिहावं लागतं, नाहीतर एकच एल असलेले शब्दही यादीत घुसतात.

राहिला क्यू. तो एकच असतो, 10 गुणांचा, आणि परत करायची घाई करू नका. क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द चालतो. उच्चार ची, चिनी परंपरेतली प्राणशक्ती, सरळ 11 गुण. कॉलिन्स या इंग्रजी शब्दकोशाच्या स्क्रॅबल यादीत यू नसलेले आणखीही शब्द आहेत : फकीर एफ-ए-क्यू-आय-आर, तलाक टी-ए-एल-ए-क्यू, नकाब एन-आय-क्यू-ए-बी, आणि कव्वाली, क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. हे चारही शब्द तिने कुठे ना कुठे ऐकलेले असणार. स्पेलिंग तेवढी आज वहीत उतरवून घ्या. अमेरिका-कॅनडातली यादी वेगळी असते, म्हणून स्पर्धेला जायच्या आधी तिथे कोणती यादी धरतात ते शाळेत विचारून ठेवा.